सुटकेसवरची तिरपी रेघ

मी सोलापूरच्या रेल्वे पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं लोकांच्या सामानाचं वजन केलं आणि निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत मुंबईच्या विमानतळावर स्वतःच्या सामानाशेजारी फरशीवर फतकल मारून बसलो.

या दोन गोष्टींच्या मध्ये माझी हुशारी उभी आहे. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच करतो.

आमची एकुलती एक मुलगी अश्विनी कॅनडात असते. तिला सातवा महिना लागला तेव्हा ठरलं, की बाळंतपणाला आम्ही दोघांनी जायचं. म्हणजे महानंदानं (ही माझी बायको) जायचं, आणि मी तिला पोचवायच्या निमित्तानं तिथंच राहायचं. जावई प्रशांतराव फोनवर म्हणाले, "बाबा, तिकिटं मी इथून काढतो. तुम्ही फक्त पासपोर्टचे फोटो पाठवा."

मी म्हणालो, "प्रशांतराव, माझा उभा जन्म तिकीट, पावती आणि वजन यातच गेलाय. ते तुम्ही माझ्यावर सोडा."

खरं कारण वेगळं होतं. जावयाच्या पैशानं विमानात बसायचं मला पटत नव्हतं. आणि दुसरं असं, की रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी ज्यांची मुलं परदेशात आहेत, ते सगळे मुलांनी काढलेल्या तिकिटावर जाऊन आले होते. स्वतः तिकीट काढून गेलेला त्यात एकही नव्हता. ही जागा रिकामी होती, ती मी भरायची ठरवली.

तीन दिवस मी मोबाइल घेऊन बसलो. शेवटी एक विमान सापडलं. मुंबईहून संध्याकाळी पाचला, मध्ये युरोपातल्या एका शहरात उतरून दुसरं, आणि मग कॅनडा. त्या एकाच विमानाचे तीन वेगवेगळे दर समोर आले. पहिल्याचं नाव 'बेसिक'. दुसरा महाग, तिसरा लईच महाग. मी महानंदाला बोलावून दाखवलं.

"विमान तेच?" तिनं विचारलं.

"तेच."

"सीट तेवढीच?"

"तेवढीच."

"मग हे दोन नंबरचं आणि तीन नंबरचं कोण घेतं?"

"ज्यांना वाचता येत नाही ते," मी म्हणालो.

प्रत्येक दराखाली बारीक बारीक चित्रं होती. खुर्ची, ताट, सुटकेस. पहिल्या दराखालच्या सुटकेसवर एक तिरपी रेघ मारलेली होती. आता आमच्या पार्सल ऑफिसात काय पद्धत होती सांगतो. नग काट्यावर चढवायचा, वजन करायचं, पावती फाडायची आणि नगावर खडूनं एक तिरपी रेघ ओढायची. रेघ ओढली की नग पास. हमालानं उचलायचा आणि गाडीत टाकायचा. अशा लाखभर तरी रेघा मी या हातानं ओढल्या असतील. सुटकेसवर रेघ बघून मला इतकं घरच्यासारखं वाटलं, की मी ताबडतोब बटण दाबलं. दुसऱ्या दोन दरांखालच्या सुटकेसवर रेघच नव्हती. म्हणजे तिथं तपासणीची भानगड असणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी मी किती पैसे वाचवले ते सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते परत सांगितलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी वहीत विमान कंपनीचं नावसुद्धा लिहून घेतलं.

मग भरणं सुरू झालं. मला कुठून तरी पक्कं ठाऊक होतं, की परदेशी विमानात माणशी एक बॅग, तेवीस किलोची. (कुठून ठाऊक होतं ते विचारू नका. मलाही नंतर आठवेना.) त्या हिशेबानं दोन मोठ्या बॅगा आणल्या. महानंदानं महिनाभर आधीपासून तयारी केली होती. कडक भाकऱ्या, पापडासारख्या पातळ, चार महिने टिकतील अशा. उखळात कुटलेली शेंगाची चटणी. डिंकाचे लाडू. तिच्या जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली बारा दुपटी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. जावयासाठी सोलापुरी चादरी दोन, कारण जावयाला एक चादर दिली तर माणसं काय म्हणतील. आणि सगळ्यात शेवटी तिनं माळ्यावरून एक जड गाठोडं खाली काढलं.

"हे काय?"

"सहाण."

बाळगुटी उगाळायची दगडी सहाण ती. अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरची. महानंदाच्या आईनं या सहाणेवर तिला गुटी उगाळून दिली होती आणि तिनं अश्विनीला. मधोमध घासून घासून खोलगट झालेली. मी ती उचलून बघितली. काट्याशिवाय वजन सांगायची माझी सवय अजून गेलेली नाही. अडीच किलो.

"अगं, कॅनडात दगड मिळत नाहीत का?"

"मिळतात की. माझ्या आईचा मिळतो का?"

सहाण लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून बॅगेत गेली.

दोन्ही बॅगा मी मार्केट यार्डातल्या ओळखीच्या भुसार दुकानात नेऊन काट्यावर चढवल्या. दोन लाडू इकडचे तिकडे केल्यावर दोन्हींचं वजन बरोबर तेवीस-तेवीस भरलं. दुकानदार म्हणाला, "मालक, हात अजून तयार हाय तुमचा." मी खिशातला खडू काढून दोन्ही बॅगांवर तिरपी रेघ ओढली.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला नागनाथ गाडी घेऊन दारात आला. नागनाथ आमच्या गल्लीतच राहतो, मूळचा मोहोळकडचा, स्वतःची गाडी भाड्यानं चालवतो. महानंदा पहिल्यांदाच विमानात बसणार होती, म्हणून ती रस्ताभर गप्प होती. मी बोलत होतो. विमानतळावर काय काय होतं, कुठं काय दाखवायचं, कुठं हसायचं आणि कुठं नाही हे मी तिला मोहोळपासून लोणावळ्यापर्यंत समजावून सांगितलं. मी स्वतः विमानात एकदाच बसलो होतो, तेही हैदराबादला. पण नागनाथला ते माहीत नव्हतं. तो आरशातून माझ्याकडे आदरानं बघत होता.

दुपारी साडेबाराला विमानतळावर उतरलो. नागनाथ पाया पडून माघारी फिरला. दीडला काउंटर उघडलं तेव्हा रांगेत पहिला नंबर आमचा.

काउंटरवर मराठी मुलगी होती. पंचविशीची असेल. तिनं पासपोर्ट घेतले, संगणकात बघितलं, आणि म्हणाली, "काका, बॅगा ऑनलाइन घेतल्यात का?"

"नाही, सोलापुरात घेतल्या. नव्या आहेत."

"तसं नाही. बॅगांचे पैसे भरलेत का?"

"तिकिटाचे भरले ना."

"काका, तुमच्या तिकिटात बॅग नाहीये."

मला वाटलं तिला नीट दिसलं नसेल. मी मोबाइल काढला, ते पान शोधलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "ही बघा बॅग. आणि ही रेघ. पास."

तिनं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, दयाच होती. म्हणूनच मला धडकी भरली.

"काका, रेघ म्हणजे बॅग नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. बेसिकमध्ये फक्त हातातली एक बॅग, सात किलोपर्यंत. मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे."

मी महानंदाकडे बघितलं नाही. न बघताही ती माझ्याकडे बघतेय हे मला कळत होतं. मी विचारलं, "किती?"

तिनं आकडा सांगितला. मला वाटलं दोन्हींचा मिळून सांगितला. तो एकीचा होता. दोन बॅगांचे मिळून जे होत होते, त्यात मी वाचवलेले पैसे दोनदा बसून वर थोडी जागा उरत होती. माझ्या कानात गाडी सुटल्यासारखा आवाज यायला लागला. मी बॅगेशेजारी फरशीवर बसलो. मागच्या रांगेतले लोक वाकून बघायला लागले. एकानं पाण्याची बाटली पुढं केली.

"शुगर आहे का यांना?" काउंटरवरच्या मुलीनं महानंदाला विचारलं.

"न्हाई," महानंदा म्हणाली, "हुशारी हाय."

दहा मिनिटांनी मी उठलो आणि एकेक दार ठोठावून बघितलं. तिकीट बदलता येईल का? बेसिकमध्ये येत नाही. रद्द केलं तर किती परत मिळतील? जवळजवळ काही नाही. वरिष्ठ कुणी आहेत का? वरिष्ठ आले. तेही तेच म्हणाले, फक्त कोट घालून. शेवटी माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. "एवढ्या-तेवढ्याचं बघा की, म्हाताऱ्या माणसाचं." हे वाक्य मी एकतीस वर्षांत रोज ऐकलं होतं. लग्नाचं सामान नेणारे, बदली झालेले मास्तर, सगळे हेच म्हणायचे. आणि मी चष्मा पुसत दरपत्रकाकडे बोट दाखवायचो. त्या मुलीनंही तेच केलं. बोट सारखंच होतं, नख तेवढं रंगवलेलं.

"आणि काका," ती हळूच म्हणाली, "सीट वेगळ्या आल्यात. चौतीस बी आणि बावन्न बी. दोन्ही मधल्या."

"आम्ही नवरा-बायको आहोत."

"हो. पण शेजारी हव्या असतील तर बेसिकमध्ये त्याचे पैसे पडतात."

"तेहतीस वर्षं मी हिच्या शेजारी फुकट बसलोय."

"मग आज राहू द्या," महानंदा म्हणाली. काउंटरपाशी आल्यापासून तिनं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

ठरलं असं, की एकाच बॅगेचे पैसे भरायचे, दुसरी माघारी पाठवायची. मी नागनाथला फोन लावला. तो पनवेलच्या पुढं चहाला थांबला होता. "येतो की काका," तो म्हणाला, "पण ट्रॅफिक लई हाय. दीड तास धरा." काउंटर चारला बंद होणार होतं. अडीच वाजत आले होते.

मग आम्ही विमानतळाच्या चकचकीत फरशीवर दोन्ही बॅगा उघडल्या. सोलापूर तिथं पसरलं. एका बाजूला न्यायचं, दुसऱ्या बाजूला माघारी धाडायचं. मी वजनाचा माणूस, मी म्हणालो, "जड ते माघारी." ती म्हणाली, "बाळाचं ते पुढं." मी चादरी पुढं ठेवल्या, तिनं त्या माघारी टाकल्या. मी माझे स्वेटर पुढं ठेवले, तिनं त्यातला एक ठेवला. कडक भाकऱ्यांची अख्खी चळत माघारी गेली. तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला आणि मला पहिल्यांदा खरंच वाईट वाटलं. पहाटे तीनला उठून थापलेल्या भाकऱ्या होत्या त्या. एक गोरा माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत होता. तिनं एक लाडू त्याच्या हातावर ठेवला. तो लाडू खाऊन तिथंच शेजारी बसला, दुपट्यांच्या घड्या घालायला. सहाण बाळाच्या बाजूला, सगळ्यात आधी ठेवली गेली होती.

हातातल्या दोन्ही पिशव्या आधीच सात-सात किलोला टेकल्या होत्या. बॅग भरून काट्यावर ठेवली. पंचवीस किलो तीनशे.

"दोन किलो तीनशे जास्त आहे काका."

महानंदा हात धुवायला गेली होती. पावणेचार वाजले होते. नागनाथचा फोन आला की तो गेटला पोचलाय. आणि माझ्या डोक्यात बेरीज-वजाबाकी एका क्षणात झाली. पंचवीस तीनशे वजा अडीच.

मी बॅग उघडली, लुगड्याच्या तुकड्यातलं गाठोडं बाहेर काढलं आणि बॅग परत काट्यावर चढवली. बावीस आठशे. ती मुलगी म्हणाली, "झालं काका." बॅगेला पट्टी चिकटली, पट्ट्यावरून ती आत गेली. मी एका हातात माघारीची बॅग आणि दुसऱ्या हातात गाठोडं घेऊन गेटकडे पळालो. गेटवरच्या जवानाची विनवणी करून ते सगळं बाहेर नागनाथकडे दिलं.

"ह्ये कुटं ठेवू?" त्यानं गाठोड्याकडे बघत विचारलं.

"ठेव कुठं तरी," मी म्हणालो आणि परत आत पळालो.

महानंदा परत आली तेव्हा बॅग गेलेली होती. "सगळं बसलं?" तिनं विचारलं.

"बसलं," मी म्हणालो. घाईत माणूस काय काय बोलतो.

विमानात माझी सीट शेवटून दुसऱ्या रांगेत, संडासाच्या दाराशी होती. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड तरुण. त्यांचे खांदे माझ्या छातीवर एकमेकांना भेटत होते. पण मला माझी काळजी नव्हती. महानंदा पहिल्यांदा विमानात बसलेली, इंग्रजी येत नाही, हिंदी सोलापुरी, आणि अठरा रांगा पलीकडे एकटी. ती घाबरली असेल, रडत असेल, पट्टा सुटत नसेल. पट्ट्याचा दिवा विझताच मी उठलो आणि पुढं गेलो.

ती हसत होती. नुसती हसत नव्हती, तर डोळ्यातून पाणी काढून हसत होती. शेजारी धारवाडची एक बाई होती, मुलाकडे निघालेली. महानंदाचं माहेर अक्कलकोटकडचं, तेव्हा दोघी कानडीत बोलत होत्या. मी जवळ जाताच दोघी एकदम गप्प झाल्या आणि त्या बाईनं माझ्याकडे असं बघितलं, की 'हेच का ते' एवढं तिच्या तोंडावर लिहिलेलं वाचायला कानडी यायची गरज नव्हती. तरी मला कानडी येतं. मी जवळ येत असतानाच 'सुटकेस' हा शब्द ऐकला होता.

मी त्या बाईला नम्रपणे म्हणालो, "आपली हरकत नसेल तर सीट बदलू या का? माझी मागे आहे."

"कुठं?"

मी हातानं दाखवलं. तिनं मान वळवून संडासाचा दिवा बघितला.

महानंदा मध्येच म्हणाली, "कशाला त्यांना त्रास? सुम्म इर्री." म्हणजे गप्प बसा. कानडीत ते आदरार्थी आहे एवढाच काय तो दिलासा.

त्या प्रवासात मी सहा वेळा पुढं गेलो. पहिल्या दोन वेळा ती हसत होती, तिसऱ्या वेळी जेवत होती, चौथ्या वेळी खिडकीशी बसली होती (खिडकीतल्या माणसानं तिला जागा दिली होती), पाचव्या वेळी झोपली होती, आणि सहाव्या वेळी विमानातल्या मुलीनं मला विचारलं, की मी या बाईंना ओळखतो का.

कॅनडात अश्विनीला बघितल्यावर सगळं विसरायला झालं. पोरगी गोल गरगरीत झाली होती. आई म्हणून गळ्यात पडली. रात्र विश्रांतीत गेली. सकाळी महानंदानं बॅग उघडली.

लाडू निघाले. चटणी निघाली. बारा दुपटी निघाली. मग तिनं बॅग उलटी केली. मग अस्तरात हात घातला. मग परत सगळं भरून परत काढलं. मी खिडकीतून बाहेर एका झाडाकडे बघत होतो. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात झाड बघितलेलं नाही.

"सहाण कुटं हाय?"

खरं बोलायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलंही. पण अश्विनी समोर, जावई समोर, आणि आदल्याच दिवशी बेसिकचं प्रकरण सगळ्यांना कळलेलं. माझ्या तोंडून निघालं, "विमानवाल्यांनी काढली असणार. तपासणीत. दगड दिसला की काढतात."

महानंदा मटकन खाली बसली. पण प्रशांतराव उठले. शांत, सरळ, नियमानं वागणारा माणूस. ते म्हणाले, "असं कसं काढतील? न विचारता? आपण तक्रार करू."

"जाऊ दे हो, दगडच तो," मी म्हणालो.

"दगड?" महानंदा म्हणाली.

प्रशांतरावांनी लॅपटॉप उघडला. वस्तूचं नाव, रंग, आकार, वजन, किंमत, उपयोग. मी शेजारी बसून माहिती देत होतो. एकतीस वर्षं मी हरवलेल्या पार्सलांचे अर्ज स्वीकारले होते, आणि खोटा अर्ज वासावरून ओळखायचो. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं विचारल्यावर महानंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहा, परत होत न्हाई." ते त्यांनी तसंच भाषांतर करून लिहिलं.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. फार सभ्य. घडल्याबद्दल खेद, चौकशी सुरू आहे. तिसऱ्या दिवशी फोटो मागितला. महानंदानं आठवून चित्र काढलं, मधला खोलगटपणासुद्धा पेन्सिलनं रंगवला. चौथ्या दिवशी पत्र आलं, की तिन्ही विमानतळांवर शोध घेतला जात आहे. तीन देशांत माणसं एक दगड शोधत होती, आणि तो कुठं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं. माझी भूक गेली. अश्विनी म्हणाली, "बाबांना इथली हवा मानवलेली दिसत नाही."

खरं तर तो कुठं आहे हे मलाही माहीत नव्हतं. ते सहाव्या दिवशी कळलं.

सकाळचा चहा चालला होता. महानंदाच्या फोनवर नागनाथचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं संध्याकाळ होती. तो गाडीशेजारी उभा होता.

"काकू, बाळ झालं का?"

"अजून न्हाई रे. आठवड्यानं."

"बरं, एक इचारायचं होतं. त्या बॅगंतल्या भाकऱ्यांना मुंग्या लागतील. आमी खाल्ल्या तर चालंल का?"

"खा की, सगळ्या खा."

"काल चार खाल्ल्याच हायेत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आणि काकाला सांगा, त्यो दगुड लई कामाला आला. आमच्या दारात उतार हाय नव्हं, गाडीच्या चाकाला उटी लावायला एक नंबर हाय. आदी विटा लावायचो, फुटायच्या."

"कुठला दगड?"

"ह्यो की. काकांनी गेटवर दिला त्यो." आणि त्यानं फोन खाली फिरवला.

मागच्या चाकाखाली, खोलगट बाजू वर करून, सहाण बसली होती. लुगड्याचा तुकडा शेजारी आरशाला बांधलेला दिसत होता. काच पुसायला असेल.

चौघांनी एकाच वेळी कप खाली ठेवले. महानंदानं फोन टेबलावर पालथा ठेवला. आतून नागनाथ "हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाई" म्हणत राहिला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "अडीच किलोसाठी?"

मी म्हणालो, "काउंटर बंद होत होतं."

"ते न्हाई विचारत. सहा दिवस मी चित्रं काढत होते."

मी मान खाली घातली. मग खरं सगळं सांगितलं, काट्यापासून गेटपर्यंत. अश्विनी आधी रागावली, मग तिला हसू फुटलं, मग पोट धरून "बाबा, हसवू नका, कळा येतील" म्हणायला लागली. शेवटी तीच म्हणाली, "आई, मी तुला सांगणारच होते. डॉक्टर म्हणतात सहा महिने दुधाशिवाय बाळाला काहीच द्यायचं नाही. गुटी नाहीच द्यायची."

मला एकदम मोकळं वाटलं. मी म्हणालो, "बघ. म्हणजे सहाण लागणारच नव्हती."

"मला ठाऊक होतं," महानंदा म्हणाली. "सोलापूरच्या डॉक्टरनीपण तेच सांगितलंय मला. उगाळायची नव्हतीच. पाळण्याजवळ ठेवायची होती. आईचं बोट लागलेलं एवढंच एक राहिलंय माझ्याकडं."

मी टेबलावरचा पालथा फोन सुलटा केला आणि तिच्यापुढं सरकवला.

तिनं नागनाथला परत फोन लावला. त्याला सहाण म्हणजे काय ते कळल्यावर तो इतका हादरला, की त्यानं किल्ली न शोधता गाडी हातानंच ढकलून पुढं नेली आणि सहाण चाकाखालून काढली. त्याच्या आईनं सहाण धुतली, हळद-कुंकू लावलं आणि आमच्यासाठी देव्हाऱ्यात ठेवली. रोज सकाळी तिचा फोटो यायचा, सहाणेचा. तक्रार मागं घ्यायचं पत्र मी स्वतः सांगितलं. प्रशांतराव टंकत होते. "वस्तू प्रवाशाच्याच हातून, प्रवाशाच्याच गाडीखाली सापडली. तसदीबद्दल क्षमस्व." कंपनीचं उत्तर आलं, ऐकून फार आनंद झाला, आणि आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी पाच दिले. सहावा असता तर तोही दिला असता.

बाळ आठ दिवसांनी झालं. मुलगी. नाकीडोळी महानंदाच्या आईसारखी, असं महानंदा म्हणाली, आणि या वेळी मी वाद घातला नाही. डिंकाचे लाडू संपले, बारा दुपटी कमी पडली, आणि दिवस कसे गेले कळलं नाही.

परतीची तिकिटं अर्थातच प्रशांतरावांनी काढली. मी त्या खोलीत सुद्धा गेलो नाही. बाहेर बाळाला मांडीवर घेऊन बसलो होतो. आतलं बोलणं ऐकू येत होतं.

"आई, यात दोन-दोन बॅगा आहेत. जेवण आहे. तारीख बदलता येते. आणि दोघांना शेजारी-शेजारी सीट मिळतात, फुकट."

"आणि लांब-लांब हव्या असल्या तर?"

प्रशांतराव म्हणाले, "म्हणजे... ठरावीक सीट निवडायची तर थोडे पैसे पडतात. पण कशाला?"

मला पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

परतीच्या विमानात ती सतराव्या रांगेत खिडकीशी होती आणि मी शेहेचाळिसाव्या रांगेत, संडासाच्या दाराशी. जादा शुल्क इतक्या आनंदानं भरणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.